सेक्टर २२ मध्ये उतरताना चपला घाल

१९५३ च्या जानेवारीत चंदीगडच्या सेक्टर २२ मध्ये उतरायचं असेल तर जाड तळव्याच्या चपला घाल, आणि स्वेटरही. खाली विटांचे तुकडे पसरलेत. शिवालिककडचं वारं उघड्या माळावरून थेट अंगावर येतंय आणि आडोसा म्हणावा असं काही नाही. ज्या झाडांच्या सावलीतून तू सायकल काढतेस ती अजून लागायची आहेत, एम. एस. रंधावा नावाचे वनस्पतिप्रेमी अधिकारी त्यांच्या मागे लागतील, पण ते पुढचं. शास्त्री मार्केटचा मागमूस नाही. आहे ते काम. गाढवांच्या पाठीवरून विटा येतायत, बांबूच्या परांचीवर गवंडी उभे आहेत, बायका डोक्यावर घमेली घेऊन फळीवरून चढतायत. त्यांची पोरं वाळूच्या ढिगावर लोळतायत. तुझ्या वयाची मात्र लोळत नाहीत, त्यांना काम आहे.

तू सहावीतली. बाबांची बदली झाली म्हणून साताऱ्याहून इथे आलीस, आणि शाळेने प्रकल्प दिलाय: आपल्या शहराचा इतिहास. पुस्तकात चंदीगडवर एक परिच्छेद आहे. फाळणीत लाहोर गेलं, भारतातल्या पंजाबला राजधानी उरली नाही, काही वर्षं सिमल्यावर काढली, नेहरूंनी नव्या शहराचं मनावर घेतलं, ल कॉर्बुझिए यांनी ते रचलं, ७ ऑक्टोबर १९५३ ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांनी उद्घाटन केलं. यातलं एकही वाक्य खोटं नाही. पाठ करायलाही सोपं. पण ते वाचून प्रश्न एकसुद्धा पडत नाही, आणि मला विचारशील तर इतिहासाच्या पुस्तकाचा तोच मोठा दोष.

त्या परिच्छेदाच्या आत काय दडपून भरलंय ते बघ. कॉर्बुझिएंच्या आधी अमेरिकेतले अल्बर्ट मेयर या शहराचा आराखडा करत होते. त्यांचे जोडीदार मॅथ्यू नोविकी. १९५० च्या ऑगस्टमध्ये परतीच्या वाटेवर इजिप्तमध्ये विमान कोसळलं आणि नोविकी गेले. मग प्रकल्पाचे प्रशासक पी. एन. थापर आणि मुख्य अभियंता पी. एल. वर्मा नवा माणूस शोधायला युरोपात गेले. १९५१ च्या सुरुवातीला कॉर्बुझिए आले आणि काही दिवसांत नवा आराखडा कागदावर उतरला. त्यांनी लक्ष घातलं ते मुख्यतः मोठ्या इमारतींत. सचिवालय, उच्च न्यायालय, विधानसभा. लोकांनी राहायची घरं आली तीन जणांच्या वाट्याला: त्यांचे चुलतभाऊ पिएर जानरे, आणि मॅक्सवेल फ्राय व जेन ड्रू हे इंग्रज जोडपं. कॉर्बुझिए वर्षातून दोनदा यायचे. हे तिघं इथेच राहत होते. तू जिथे उभी आहेस त्या सेक्टरवर जास्त करून जेन ड्रू यांचा हात फिरलाय. शहरात सगळ्यात आधी माणसं राहायला आली ती इथेच, सेक्टर २२ मध्ये.

आता एक वीट उचल. कुणी ओरडणार नाही, ढीग मोठा आहे.

सिमेंट आणि पोलादाची टंचाई आहे, सरकारकडे पैसा बेताचा, म्हणून घरं भाजक्या विटेची. कंपासपेटीतली पट्टी काढ आणि मोज. लांबी नऊ इंच. रुंदी साडेचार. जाडी तीन. वहीत लिही आणि पुढे चल. त्या अर्धवट भिंतीत विटा सोडून सोडून लावल्यात, मधे भोकं राहिलीत. हात घाल. कोपरापर्यंत जातो आणि पलीकडून गार झुळूक बोटांना लागते. ही जाळी. उन्हाळ्यात इथे लू चालते तेव्हा ऊन अडवायचं आणि हवा खेळती ठेवायची, तेही पंख्याविना आणि स्वस्तात, त्यासाठी केलेली. परीक्षेला 'स्थानिक हवामानाचा विचार करण्यात आला' एवढं लिहिलंस तरी मार्क मिळतील. हात घातलेला असला की त्या वाक्यात काय होतं ते कळतं.

एक गंमतही आहे. सरकारी घरांचे तेरा प्रकार ठरले, हुद्द्याप्रमाणे. पहिला मुख्यमंत्र्यांचा, तेरावा सगळ्यात खालच्या पगाराच्या नोकराचा. आकड्यापुढे अक्षर यायचं ते घर कुणी रेखाटलं त्याचं: एफ म्हणजे फ्राय, डी म्हणजे ड्रू, जे म्हणजे जानरे. तेराव्या प्रकारातही दोन खोल्या, स्वयंपाकघर, व्हरांडा, न्हाणी, संडास आणि मागे अंगण धरलेलं होतं. त्या काळी मुंबईच्या चाळीत एका खोलीत आठ-आठ जण झोपायचे आणि संडासापुढे रांग असायची, हे आजीला विचार म्हणजे शिपायाला मिळालेल्या या दोन खोल्यांचं मोल कळेल. तरी आकडे लावून माणसांची उतरंड शहराच्या नकाशातच बसवली, हेही खरं. दोन्ही गोष्टी वहीत एकाखाली एक लिही. त्यांचा मेळ घालायची घाई करू नकोस.

संध्याकाळ व्हायच्या आत सेक्टर १९ मध्ये डोकावून ये. तिथे वास्तुविशारदांचं कार्यालय आहे. आज तिथे ल कॉर्बुझिए सेंटर आहे. तू शाळेच्या सहलीबरोबर गेली होतीस आणि सगळा वेळ रांग सरळ ठेवण्यात गेला. आज रांग नाही. तिरक्या टेबलांवर वाकलेली तरुण भारतीय माणसं बघ. उर्मिला युली चौधरी, एम. एन. शर्मा, आदित्य प्रकाश, जीत मल्होत्रा. आणि ए. आर. प्रभावळकर. आणि जे. एस. देठे. ही दोन नावं पुन्हा वाच. साताऱ्याच्या तुझ्या वर्गाच्या हजेरीत सहज खपतील अशी आडनावं पंजाबच्या राजधानीच्या कागदांवर आहेत, आणि 'मराठी माणूस आणि पंजाब' म्हटलं की आपण पानिपताच्या अलीकडे येतच नाही.

या चमूच्या लाकडी प्रतिकृती करायचे ज्ञानी रतन सिंग. कागदावर इमारत बरोबर दिसते. लाकडाचा तुकडा तासून बसवायला घेतला की कुठे काय अडतंय ते उघडं पडतं. शाळेत 'कृतीतून इतिहास' म्हणतात तो याच्या जवळपास तरी जायला हवा. प्रत्यक्षात काय होतं ते तुला ठाऊक आहे. रविवारी रात्री आईला आठवतं, बाबा स्टेशनरीच्या दुकानात पळतात, थर्माकोल, चकाकी, छापील चित्रांचा तक्ता येतो आणि सोमवारी वर्गात अडतीस एकसारखी मोहेंजोदडो उभी राहतात. त्यातला हात पालकांचा असतो, आणि कृतीही मुख्यतः पैसे देण्याची.

मोहेंजोदडोचं नाव निघालंच आहे तर थोडं खाली उतरू.

सेक्टर २२ मधून एक रस्ता ओलांडला की सेक्टर १७. आत्ता तिथेही माळ आहे. १९६० च्या दशकाच्या अखेरीस तिथे पायाची खोदाई चालू असताना हडप्पाकालीन खापरं निघाली. भूतकाळाच्या ओझ्यातून मोकळं शहर नेहरूंना हवं होतं आणि त्याच्या बाजारपेठेखाली चार हजार वर्षांपूर्वीची वस्ती निघाली. आणखी नवल म्हणजे इथे विटा रचल्या जात असताना, १९५३ पासूनच, चाळीसेक किलोमीटरवर रोपडला पुरातत्त्व खात्याचे वाय. डी. शर्मा मातीचे थर उलगडत होते. सिंधू संस्कृतीची बहुतेक मोठी स्थळं फाळणीत पलीकडे गेली होती. स्वतंत्र भारताने खणायला घेतलेलं हडप्पाकालीन पहिलं स्थळ रोपड. म्हणजे त्याच पंजाबात एक टोळी नवं शहर वर चढवत होती आणि दुसरी जुनं शहर उघडं करत होती.

हडप्पाकालीन वीट हातात घे, पट्टी लाव. सात सेंटिमीटर जाडी, चौदा रुंदी, अठ्ठावीस लांबी. पुस्तकात हे 'विटांचे प्रमाण १:२:४ होते' असं येतं आणि तू ते रिकाम्या जागा भरण्यासाठी पाठ केलंस. आता मघाची नोंद बघ. तीन, साडेचार, नऊ. जाडीचं गणित जुळत नाही. पण लांबी रुंदीच्या दुप्पट, ती मात्र दोन्हीकडे. का?

इथे पुस्तक मिटून ठेव. दहा-बारा विटा घे आणि गुडघाभर भिंत रच. पहिल्या थरात विटा लांबीने ठेव. दुसरा थरही तसाच, अगदी वर वर ठेवलास तर सांध्यावर सांधा येतो आणि धक्का दिला की भिंत उभी फाटते. म्हणून दुसऱ्या थरात विटा आडव्या ठेवायला लागतात. अशा दोन आडव्या विटा शेजारी ठेवल्या की बरोबर एका लांब विटेएवढ्या होतात. लांबी दुप्पट नसती तर कोपरा जुळला नसता, प्रत्येक वेळी वीट फोडावी लागली असती. मोहेंजोदडोच्या गवंड्याला हे माहीत होतं, सेक्टर २२ च्या परांचीवरल्या गवंड्यालाही माहीत आहे, आणि दोघांच्या मधे कुठलंही पुस्तक नव्हतं. मात्र एक विसरू नकोस. १:२:४ हे पुस्तकात वाचलं नसतंस तर दोन विटा शेजारी धरून बघायचं तुला सुचलंही नसतं.

आता १७५८ चा मार्च. चंदीगडहून पश्चिमेला पन्नासेक किलोमीटरवर सरहिंद. इथे सावध राहा, कारण इथे तुझ्याकडे दोन पुस्तकं आहेत. घरातल्या मराठी पुस्तकात राघोबादादा आहेत: दिल्लीहून निघाले, सरहिंद घेतलं, एप्रिलात लाहोर, पुढे अटकेपार झेंडे. सरहिंद तिथे वाटेवरचं एक ठाणं आहे, अर्ध्या वाक्यात मागे पडतं. वर्गातल्या तुझ्या पंजाबी मैत्रिणीला मात्र सरहिंद म्हटलं की गुरू गोविंदसिंगांचे दोन धाकटे साहिबजादे आठवतात, ज्यांना तिथल्या सुभेदाराने भिंतीत चिणलं. तिची आजी डिसेंबरात तिथल्या जोड मेळ्याला जाते. तिला १७१० मधली चप्पड चिडीची लढाई माहीत आहे, जिथे बंदासिंग बहादुरांनी त्या सुभेदाराला संपवलं; ते रण मोहालीला लागूनच आहे आणि तिथला फतेह बुर्ज दुरूनही दिसतो. राघोबादादा तिने ऐकलेले नाहीत. तूही साहिबजाद्यांबद्दल साताऱ्यात काही ऐकलं नव्हतंस.

फौज बघ. मराठ्यांबरोबर पंजाबातल्या अदिना बेग या सरदाराची माणसं आहेत आणि शिखांचे जथेही आहेत. ठाणं घ्यायला तिघं एकत्र आलेत आणि तिघांच्या डोक्यात सरहिंद वेगळं आहे. तीन वर्षांनी पानिपतावर भाऊंची फौज उपाशी मरत असताना पतियाळाच्या आला सिंगांनी धान्य धाडलं होतं, हे मराठी पुस्तकात सापडलं तर एखाद्या ओळीत सापडतं. तुझ्या शहरापासून पतियाळा दीड-दोन तासांवर आहे. मैत्रिणीचं पुस्तक माग, तुझं तिला दे, आणि दोघी मिळून एका कागदावर सरहिंदचा एकच नकाशा काढा, तारखा घालून. शाळेने हा उपक्रम दिला नाही तरी चालेल.

दिवाळीत मागच्या अंगणात तू किल्ला केलास, तो आठव. सेक्टर २२ मध्ये मातीचे मावळे विकत मिळत नाहीत; दुकानदाराने तुला क्रिकेटपटू दाखवले. विटांचे तुकडे, गोणपाट, वर चिखलाचा लेप, हळीव पेरलं. चौथीतल्या 'शिवछत्रपती'च्या पुस्तकात किल्ले दुर्गम होते असं लिहिलेलं तू वाचलं होतंस. दुर्गम कशाने, ते तुला दरवाजा करताना कळलं. सरळ समोर दरवाजा ठेवलास आणि शेजारच्या पोराचा खेळण्यातला ट्रक उतारावरून सुसाट आत घुसला.

म्हणून क्षणभर रायगडावर चल, १६७४. महादरवाजाशी उभी राहा. उभी राहायला आधी तो सापडायला हवा, कारण खालून येताना तो दिसतच नाही. दोन बुरूज एकमेकांना झाकत पुढे आलेत, वाट मधून वळते, आणि वळलं की दरवाजा एकदम समोर. हत्तीला धाव घ्यायला जागा नाही, वरून मात्र तुझ्यावर नेम धरायला तीन बाजू आहेत. याला गोमुखी रचना म्हणतात. तुझ्या अंगणातल्या किल्ल्याला दुसऱ्या दिवशी तू चिखलाची दोन वळणं दिलीस. ट्रक अडला.

आता सेक्टरचा नकाशा काढायला बस आणि तुला काय दिसतं बघ. साधारण बाराशे मीटर लांब, आठशे रुंद. कडेने वेगाच्या गाड्यांचे रस्ते, आणि त्या रस्त्यांवर एकाही घराचा दरवाजा उघडत नाही. घरं पाठ करून बसलीत. आत शिरायच्या वाटा मोजक्या. आतला बाजाराचा रस्ता मुद्दाम वाकडा काढलाय, म्हणजे कुणी गाडी सुसाट सोडू नये. रायगड आणि सेक्टर २२ यांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. कॉर्बुझिएंच्या डोळ्यांपुढे शत्रू होती ती मोटार. पण किल्ला केलेल्या मुलीला हा नकाशा कळायला वेळ लागणार नाही.

रायगडावरून निघण्याआधी जगदीश्वराच्या देवळाच्या पायरीवरचं नाव वाच: हिरोजी इंदुलकर. ज्याने गड बांधून काढला त्याचं नाव दगडात आहे. सेक्टर २२ मध्ये फळीवरून चढणाऱ्या बायकांचं नाव कुठल्याही पायरीवर नाही. ज्यांच्या जमिनीवर हे शहर उभं राहिलं त्यांचंही नाही. नवी राजधानी आली तेव्हा इथे गावं होती, आंबराया होत्या. शेतकऱ्यांनी विरोध केला. वीस-पंचवीस गावं उठली. शकरगढ तालुक्यातून फाळणीत इकडे आलेला बांधकाम खात्यातला रस्ता निरीक्षक, नेकचंद, त्या गावांचा राडारोडा सायकलवरून सुखना तलावाजवळच्या जंगलात नेत होता. फुटकी भांडी, बांगड्यांचे तुकडे, दगड. १९५७ च्या सुमारास सुरू केलेलं काम त्याने वर्षानुवर्षं लपवून ठेवलं. १९७६ मध्ये ते रॉक गार्डन म्हणून खुलं झालं. तिथे जाऊन सेल्फी काढलेस तेव्हा तुला हे कुणी सांगितलं नव्हतं. पुन्हा जा आणि एका पुतळ्याच्या अंगावरच्या बांगड्या जवळून बघ. त्या कुठल्या तरी घरातल्या होत्या.

परत आलीस की शेजारच्या बीजींकडे, म्हणजे पंजाबी आजींकडे, जा. सिमल्याहून कचेऱ्या इथे हलल्या तेव्हा त्यांचे वडील फायली बांधून आले, त्या आठ वर्षांच्या होत्या. परवा त्यांनी सहज सांगितलं, "पुत्तर, सगळी घरं एकसारखी, आणि दिवे नाहीत. खेळून आलो की भलत्याच घरात जाऊन बसायचो. तिथली बाई आधी जेवायला घालायची, मग विचारायची कुणाची तू." हे कुठल्याही पुस्तकात नाही. थर्माकोलमध्येही करता येत नाही.

तेव्हा आठ वर्षांची असलेली ही पिढी आज ऐंशीच्या आसपास आहे. आराखडे सेक्टर १९ मध्ये जपून ठेवलेत, ते पुढच्या वर्षीही बघता येतील. बीजींकडे या रविवारीच जा. वही ने, पट्टी ने. आधी घराचा प्रकार विचार, आकडा आणि अक्षर दोन्ही. मग पाणी कुठून यायचं, चूल कशावर पेटायची, शाळा कुठे भरायची, पहिलं झाड कुणी लावलं. तारीख आठवत नसेल तर आग्रह धरू नकोस, त्या वर्षी घरात काय झालं ते विचार. पानाच्या वर त्यांचं नाव लिही. आणि त्यांचं बोलून होईपर्यंत मधे 'पुस्तकात तर असं लिहिलंय' म्हणू नकोस. ते नंतर, घरी येऊन, पुस्तक शेजारी उघडून ठेवलंस की.